टिंबक्टू : पेट्यांत जपलेले शहर
मालीतले टिंबक्टू सहाराच्या कडेला, नायजर नदीजवळ वसले आहे. वाळवंटातून उंटांवर आलेले मीठ येथून नावांनी पुढे जाई. हजहून परतलेल्या मन्सा मूसाने १३२७च्या सुमारास येथे मातीची जिंगरेबेर मशीद बांधवली. पावसाने भिंती झिजल्या की गावकरी गवंड्यांसोबत तिला गिलावा देतात. फिकह, खगोलाची हस्तलिखिते घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. २०१२मध्ये सशस्त्र गटांनी शहर घेऊन मकबरे पाडले, तेव्हा लोकांनी हजारो हस्तलिखिते पत्र्याच्या ट्रंकांत लपवून गाड्यांनी, नावांनी बामाकोला पोहोचवली. मकबरे तिथल्याच गवंड्यांनी २०१५पर्यंत पुन्हा उभारले. वाचकहो, आपल्या घरातली आजोबांची पेटीही मुलांसोबत एकदा उघडून पाहा. रद्दीत जाण्याआधी.