पाणीच पक्षी आणून देतं

अलिबागजवळच्या आक्षीहून नागावपर्यंत किनाऱ्याने चालत जायचं आणि वाटेत पक्ष्यांचे फोटो काढायचे, एवढाच बेत असला तरी तारीख नुसता रविवार बघून ठरवू नये. तिथी बघावी.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, पौर्णिमा-अमावास्येला 12 च्या आसपास. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि हे सगळं चक्र रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकतं. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक ताडून घ्यावं. अंदाजाला मात्र तिथी पुरते.

आपल्याला हवी ती पौर्णिमा किंवा अमावास्या, फार तर पुढची द्वितीया. तेव्हा उधाण असतं, म्हणजे पाणी आत लांबवर जातं, आणि ओहोटी सकाळी 6 ते सव्वासातच्या दरम्यान येते. उजाडताना ओली वाळू सर्वांत जास्त उघडी असते. त्यात किडे, अळ्या, बारके खेकडे, शिंपले. वाळूवरचे चिखल्या, टिलवे, सँडरलिंग पाण्याच्या कडेने पांगून खात असतात. सुरूच्या बनापाशी उभं राहून पाहिलं तर हे सगळे ठिपके दिसतात. तिथे घाईने चालत जाणं हाच नवख्या माणसाचा पहिला मोह. ठिपके उडतात आणि पुढे तेवढ्याच अंतरावर जाऊन बसतात.

त्यापेक्षा थांबावं. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. सव्वासहाला ओहोटी असेल तर खरी चाल सव्वाआठनंतर सुरू होते. खायची जागा भराभर आखडते आणि पक्षी कडेकडेने वर, कोरड्या वाळूकडे सरकू लागतात. आपण तिथे आधीच बसलेले असलो, तर तेच आपल्याकडे येतात. समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळचं ऊन आपल्या पाठीवर आणि त्यांच्या अंगावर. अष्टमीला हाच हिशेब उलटतो: उजाडताना भरती, आणि चांगल्या उन्हात पाणी पक्ष्यांना घेऊन दूर निघालेलं. संध्याकाळी तर सूर्यच समोर येतो. मग काळ्या आकृत्यांवर समाधान मानावं लागतं.

दोघं असण्याचा फायदा इथे कळतो. आमच्याकडे कॅमेरा हिचा, दुर्बीण आणि वही माझी. 400 मिमीच्या भिंगातून जेमतेम 5 अंशांचं जग दिसतं. त्याबाहेरचा कुत्रा, येणारी लाट, डोक्यावरून जाणारा काकण म्हणजे समुद्रगरुड, हे दुसऱ्याने बघायचं. बोलायचं कमी. “उजवीकडे, तीन,” एवढं पुरतं. नवरा-बायकोने एकेक कॅमेरा घेतला की दोघंही एकाच चिखल्यामागे लागतात, असं माझं मत आहे, आणि ते घरात मान्य नाही.

जवळ जायचंच असेल तर सरळ रेषेत जाऊ नये. तिरकं, दोन पावलं, थांबा, बसा. पक्ष्याने खाणं सोडून मान वर काढली की तिथेच थांबायचं; तो चालत दूर निघाला तर आपण मागे सरकायचं. भरतीने त्याला खायला ठरावीक तासच दिलेले असतात, आणि दर उड्डाणात त्याने कमावलेलं थोडं खर्च होतं. इथले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांवर वीण करून आलेले असतात. परतीची ताकद त्यांना याच किनाऱ्यांवर जमवायची असते.

वाळूवर पोटावर झोपलं की डोळा पक्ष्याच्या पातळीवर येतो आणि मागचं पाणी धूसर होतं. धावणाऱ्या सँडरलिंगला 1/1000 सेकंद, उडणाऱ्या कुरवाला 1/2000 लागतो. उजळ ओली वाळू पाहून कॅमेरा फसतो आणि चित्र काळवंडतं. तिथे एक्सपोजर थोडं वर न्यायचं. पांढरा कुरव गडद लाटेसमोर आला की उलट, थोडं खाली, नाहीतर पिसांचा तपशील जातो. वाळू तापली की हवा थरथरू लागते आणि दूरचा फोटो कितीही चांगल्या भिंगाने काढला तरी दही लागल्यासारखा येतो. त्यावर उपाय नाही. तेव्हा कॅमेरा पिशवीत घालून चालावं. भिंग किनाऱ्यावर बदलू नये.

एक धोका आक्षीच्या खाडीमुखाशी आहे. वाळूचा दांडा समोर उंच असतो आणि पाठीमागे सखल पन्हळ. पाणी आधी पन्हळीत शिरतं. नजर पक्ष्यांवर असताना परतीची वाट बुडते. वहीवाल्याने मागे बघत राहायचं.

ओळख पटवायचं काम घरी. केंटिश चिखल्याच्या मानेमागून पांढरी कॉलर पूर्ण जाते. वाळू चिखल्यांना ती नसते. मोठा वाळू चिखल्या आणि त्याचा लहान भाऊबंद यांत गोंधळ होतोच, कारण हिवाळ्यात दोघेही राखी-तपकिरी. मोठ्याची चोच लांब आणि दणकट, पाय लांब. म्हणून निदान एक फोटो अगदी बाजूने काढलेला हवा, समोरून काढलेल्यात चोचीची लांबी कळत नाही. वहीत फोटोची वेळ, पायाचा रंग आणि आवाज टिपलेला असला तर ताळा जमतो. तरी जमलं नाही, तर ई-बर्डवर नोंद ‘वाळू चिखल्या’ एवढीच करावी. तिथे तशी सोय आहे.