कुर्डुवाडीहून पाण्याकडे
भीमेच्या काठाने एका दिवसाच्या सहली. पण आधी धरणाची टक्केवारी विचारा

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं कुर्डुवाडी बहुतेकांना माहीत आहे ते गाडी बदलायचं स्टेशन म्हणून. पंढरपूर, मिरज, बार्शी, लातूर, कुठंही जायचं असो, इथं उतरायचं, फलाट बदलायचा आणि पुढची गाडी धरायची. मुद्दाम इथं मुक्काम करावा, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. खरं तर दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात पाण्याच्या सहली करायच्या असतील, तर कुर्डुवाडीइतकं सोयीचं ठिकाण दुसरं नाही. सकाळी निघून रात्री परत येता येईल एवढ्या अंतरात भीमा इथं तीन रूपांत भेटते: उजनीला अडलेली, नरसिंहपुरात नीरेला मिळणारी आणि पंढरपुरात वळण घेऊन चंद्रभागा झालेली.

जंक्शनचं गाव

मुंबईकडून सोलापूरकडे निघालेला लोहमार्ग १८५९मध्ये इथवर पोहोचला आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला गेला. त्या वेळी स्टेशनचं नाव होतं बार्शी रोड. बार्शीची बाजारपेठ मोठी, पण मुख्य मार्गापासून दूर. ते अंतर एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७मध्ये अडीच फुटी रुळांनी जोडलं. हीच ‘बार्शी लाईट’. १९०६मध्ये ती पंढरपूरला, १९११मध्ये लातूरला आणि १९२७मध्ये मिरजेला पोहोचली. त्यामुळे वारकऱ्यांचा आणि व्यापाऱ्यांचा राबता कुर्डुवाडीतूनच होऊ लागला. रेल्वेचा कारखानाही गावात आला. १९५४मध्ये ही खासगी रेल्वे सरकारकडे आली. पुढे एकेक टप्पा ब्रॉडगेज होत गेला आणि अरुंद रुळांची गाडी इतिहासजमा झाली.

सहलीला निघणाऱ्याच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ सरळ आहे: कुर्डुवाडीतून चार दिशांना रेल्वे जाते आणि जिथं रेल्वे नाही तिथं एसटी जाते. मुंबई-सोलापूर वंदे भारतही इथं थांबते. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा मुक्काम आडवळणाचा वाटायचं कारण नाही.

दोन वेळापत्रकं

इथली सहल आखताना मात्र दोन वेळापत्रकं पाहावी लागतात: एक गाडीचं, दुसरं पाण्याचं. जपानमधल्या हिरोशिमा शहरातून लोक असेच सकाळी निघून मियाजिमा बेटावर जातात. उपनगरी गाडीने किनारा गाठायचा आणि तिथून फेरीबोटीने दहा मिनिटांत बेटावर. तिथलं इत्सुकुशिमा हे शिंतो देवस्थान भरतीच्या पट्ट्यात खांबांवर उभं आहे. भरतीला समोरची भव्य लाल कमान पाण्यावर तरंगल्यासारखी वाटते, तर ओहोटीला लोक चालत तिच्या पायथ्याशी जातात. म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा पाहिल्या जातात. तिथं पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, तर भीमेच्या काठी वर्षातून एकदा. पावसाळ्यात भरलेलं पाणी उन्हाळ्यापर्यंत उतरत जातं आणि त्याच जागेचं चित्र पार पालटतं.

या पाण्याचं घड्याळ म्हणजे उजनी धरणाची टक्केवारी. सोलापूर जिल्ह्यात ती शेतकऱ्यापासून पानटपरीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असते. पण बाहेरच्या माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उजनीत ‘शून्य टक्के’ म्हणजे धरण कोरडं नव्हे. टक्केवारी मोजतात ती सुमारे ५३ टीएमसी उपयुक्त साठ्यावर, आणि त्याच्या खाली ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा असतो. पाणी त्यात उतरलं की ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असं म्हणतात. २०२४च्या उन्हाळ्यात ती वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती.

पहिली वाट: पंढरपूर आणि विष्णुपद

सर्वांत सोपी सहल पंढरपूरची. कुर्डुवाडीहून मोडनिंब, आष्टीमार्गे ५२ किलोमीटर, रेल्वेने साधारण तासाभराचा प्रवास. विठ्ठलाचं दर्शन, नामदेव पायरी आणि चोखोबांची समाधी झाली की बरेच जण परतीची गाडी पाहतात. त्याऐवजी महाद्वार घाट उतरून वाळवंटात यावं. पुंडलिकाचं मंदिर तिथंच आहे. तिथून गोपाळपूरच्या बाजूला नदीपात्रातलं विष्णुपदाचं देऊळ. श्रीकृष्णाने इथं गोपाळांसह काला केला, अशी श्रद्धा आहे. खडकावर देवाची आणि गाईंची पावलं दाखवतात. मार्गशीर्षात विठ्ठल इथं मुक्कामाला असतो, असं मानतात. त्या महिनाभर इथं भाविकांची रीघ लागते आणि कुटुंबंच्या कुटुंबं डबे घेऊन जेवायला येतात.

नदी भरली की हेच देऊळ चारी बाजूंनी पाण्यात उभं राहतं. उजनीतून विसर्ग वाढला आणि वरून नीरेचं पाणीही आलं, की आधी जुना दगडी पूल बुडतो, मग वाळवंटातली मंदिरं. अशा वेळी घाटावरून नदी पाहावी, पात्रात उतरू नये. आषाढीला वारकऱ्यांच्या स्नानासाठी उजनीतून पाणी सोडतात. भाविकांसाठी तो दिवस मोठा, पण निवांत सहलीसाठी चुकीचा.

योग्य महिना: मार्गशीर्ष, म्हणजे साधारण डिसेंबर.

दुसरी वाट: भीमानगर आणि नीरा नरसिंहपूर

ही सहल एसटीने किंवा स्वतःच्या गाडीने करावी. कुर्डुवाडीहून टेंभुर्णी आणि तिथून पुणे-सोलापूर महामार्गाने जवळच भीमानगर. उजनी धरण इथलंच. १९६९मध्ये काम सुरू झालं, १९८०मध्ये पुरं झालं आणि मागे पसरलेल्या पाण्याला यशवंतसागर नाव मिळालं. भिंतीवर जायला परवानगी लागते, पण दरवाजे उघडलेले असतील तर लांबूनही पाण्याचा जोर कळतो.

पुन्हा टेंभुर्णीला येऊन अकलूजच्या रस्त्याला लागलं की नीरा-भीमेचा संगम येतो. दोन नद्यांच्या बेचक्यात, पुणे जिल्ह्याच्या अगदी टोकाला नीरा नरसिंहपूर आहे. बेट म्हणावं इतकं ते पाण्याने वेढलेलं असतं. लक्ष्मीनृसिंहाचं इथलं मंदिर विंचुरकर सरदारांनी बांधलं. अनेक घराण्यांचं हे कुलदैवत असल्याने वैशाखातल्या नृसिंह जयंतीला लांबलांबून कुळं येतात. एरवी गाव शांत असतं आणि संगमाच्या घाटावर तासभर आरामात बसता येतं.

योग्य महिने: ऑक्टोबर ते जानेवारी. पाऊस ओसरलेला असतो आणि दोन्ही नद्यांना पाणी असतं.

तिसरी वाट: भिगवण आणि पळसदेव

दौंडच्या दिशेने जाणारी गाडी धरली तर जिंती रोड आणि भिगवणच्या दरम्यान ती भीमेवरचा पूल ओलांडते. फुगवट्याचं पाणी इथं दूरवर पसरलेलं दिसतं. भिगवणजवळच्या कुंभारगाव आणि डिकसळच्या काठांवरून मच्छीमारांच्या होड्या पक्षी दाखवायला निघतात. हिवाळ्यात पट्टकदंब आणि चक्रवाक येतात, चित्रबलाक तर असतातच. सगळ्यांना पाहायचा असतो तो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. त्याला उथळ पाणी आणि उघडा गाळ लागतो. धरण काठोकाठ भरलेलं असलं की तो उशिरा येतो. डिसेंबरात गेलेले कधी कधी निराश होऊन परततात ते यामुळेच. पाणी उतरू लागल्यावर, जानेवारीनंतर जावं आणि होडी पहाटेची धरावी. म्हणजे आदल्या रात्री भिगवणला पोहोचावं किंवा कुर्डुवाडीहून अंधारातच निघावं. जेवायला चिलापीचं कालवण मिळतं. भिगवणची मासळी पुण्यापर्यंत प्रसिद्ध आहे.

पुढे महामार्गावर पळसदेव लागतं. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं वर नव्या जागी वसली. पळसनाथाचं जुनं दगडी मंदिर मात्र तिथंच राहिलं. पाणी उतरलं की आधी त्याचं शिखर दिसतं आणि उजनी मायनसमध्ये बरीच खाली गेली की अख्खं मंदिर उघडं पडतं. लोक गाळावरून चालत जाऊन कोरीव खांब आणि वीरगळ पाहतात. हे दर्शन दुष्काळाच्या वर्षी होतं. ज्या पाण्यावर या भागातला ऊस आणि सोलापूर शहराचे नळ चालतात ते संपत आल्याची ती खूण असते. काठावरच्या गावकऱ्यांसमोर फोटोचा उत्साह जरा आवरता घ्यावा.

होडीत बसण्याआधी

उजनीचं पाणी समुद्रासारखं वाटलं तरी त्यावरच्या बहुतेक होड्या लहान आहेत. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. वळवाचे वारे दुपारनंतर अचानक सुटतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये पाण्यावरचं काम सकाळीच उरकावं. लाइफ जॅकेट नसेल किंवा होडीत जास्त माणसं भरली असतील, तर पैसे दिलेले असले तरी बसू नये.

तिन्ही वाटा एकाच दौऱ्यात उरकण्याचा मोह टाळावा. मार्गशीर्षात गेलात तर पंढरपूर, पावसाळा सरताच नरसिंहपूर, फेब्रुवारीत भिगवण, असा वर्षाचा बेत आखावा. ठिकाण आधी ठरवून मग तारीख शोधणाऱ्याला इथं अर्धंच दिसतं. आधी उजनी किती टक्क्यांवर आहे ते विचारावं आणि मगच कुर्डुवाडीचं तिकीट काढावं.