गृहतापन यंत्रणेतील अदृश्य गळती : एक विवेचन

ब्रिटनमधील असंख्य घरांत बॉयलरने तापविलेले पाणी बंदिस्त नळ्यांतून रेडिएटरपर्यंत खेळविले जाते. थंड अवस्थेत त्याचा दाब साधारणतः १ ते १.५ बार असावा लागतो. फरशीखालील नळीस सूक्ष्म छिद्र पडल्यास दाब हळूहळू घटतो व ठराविक मर्यादेखाली जाताच बॉयलर बंद पडतो. झिरपलेले पाणी उष्णतेने सुकून जात असल्याने ओल दिसेलच असे नाही. साहजिकच दोष बॉयलरवर येतो. वारंवार पाणी भरणे हा उपाय नव्हे; नव्या पाण्यातील प्राणवायू रेडिएटरचे पोलाद गंजवितो. बॉयलर बंद करून झडपांद्वारे नळ्यांपासून विलग करावा. रात्रभर त्याचा दाब टिकल्यास गळती नळ्यांतच असल्याचे अनुमान निघते. अन्यथा ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ या न्यायाने नवा बॉयलरही ऐन हिवाळ्यात बंद पडतो.