दुसऱ्याच्या ओठांवरचा अभिनय

२००५ साली नागेश कुकुनूर यांच्या ‘इक्बाल’मध्ये श्रेयस तळपदे यांनी ऐकता-बोलता न येणारा गोलंदाज साकारला. सगळी भूमिका डोळ्यांनी आणि हातांनी पेललेली. २०२१च्या डिसेंबरात मूळचा तेलुगू ‘पुष्पा’ हिंदीत आला, तेव्हा पडद्यावर अल्लू अर्जुन होते आणि आवाज तळपद्यांचा. आवाजाविना उभा राहिलेला नट आता नुसत्या आवाजाने उभा राहिला. डबिंग हा अभिनयच आहे, याचा याहून चांगला दाखला शोधायला नको.

डबिंगच्या खोलीत नट बहुधा एकटाच असतो. समोर पडदा, कानात मूळ भाषेतला संवाद, स्टँडवर संहिता. सहकलाकार नाही, वेशभूषा नाही, हालचालीला जागा नाही. वाक्य-दोन वाक्यांचा तुकडा पुन्हा पुन्हा पाहून आवाज बसवायचा. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. त्यामुळे चेहरा जवळून दिसत असेल तर अनुवादकालाही तिथे तसाच शब्द शोधावा लागतो. धाप, हुंदका, मार खाल्ल्यावरचा हुंकार हेही नटालाच द्यावं लागतं. ओठ जुळले आणि श्वास चुकला, तर प्रसंग पडतो.

बोलपटाच्या आरंभी हा मार्ग रुळलेला नव्हता. प्रभात फिल्म कंपनीने १९३२मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित केला.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत मात्र डबिंग हा मोठा व्यवसाय झाला. एका परदेशी नटाला वर्षानुवर्षं एकच जर्मन आवाज, अशी तिथली रीत. ‘टॅक्सी ड्रायव्हर’पासून रॉबर्ट डी निरो जर्मनांना ख्रिस्तियान ब्रुकनर यांच्या आवाजात भेटत आले. या कलेच्या ताकदीचा गैरवापरही तिथे झाला: १९५२च्या जर्मन ‘कासाब्लांका’तून नाझींचे प्रसंग कापले आणि संवाद बदलून कथानकच फिरवलं.

एक नट, एक आवाज असं नातं आपल्याकडे ‘बाहुबली’ने दाखवलं. दोन्ही भागांत प्रभास यांना हिंदी आवाज दिला ग्वाल्हेरच्या मराठी घरातल्या शरद केळकर यांनी. लहानपणी आपण अडखळत बोलायचो, हे त्यांनीच सांगितलं आहे. ‘लय भारी’चा खलनायक आणि ‘तान्हाजी’तले शिवाजी महाराज त्यांनी स्वतःच्या देहाने उभे केले, बाहुबली निव्वळ आवाजाने.

ठाणे जिल्ह्यातल्या राहनाळ-भिवंडीच्या पट्ट्यात यंत्रमागांमुळे तेलुगू आणि हिंदी बोलणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात. एकच चित्रपट दोघांनाही आपला वाटतो, तो या कलावंतांमुळे. तळपदे-केळकरांची नावं निदान लोकांना ठाऊक आहेत. उरलेल्या पात्रांचे आवाज निनावीच राहतात. पोस्टरवर त्यांची नावं छापली पाहिजेत आणि परीक्षणात त्यांच्या कामाची नावानिशी चिकित्सा झाली पाहिजे. श्रेय मिळालं, की चुकीचा जाबही विचारता येतो. कलेचा दर्जा वाढायला या दोन्ही गोष्टी लागतात.