दुखत नाही म्हणून ल्युपस सौम्य नसतो

"सांधे दुखायचे थांबले, चेहऱ्यावरचे चट्टेही गेले, म्हणजे फ्लेअर हलकाच आहे ना?" ल्युपसच्या रुग्णांकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांकडून, हा प्रश्न सतत कानावर येतो. नोकरीनिमित्त चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरांतही तो असाच विचारला जातो आणि विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं. पण खरं उत्तर 'नाही' असं आहे. या एका गैरसमजापायी लोकांच्या किडन्या जातात, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिणं भाग आहे.

ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. आजार काही काळ शांत राहतो आणि मग पुन्हा उचल खातो, हाच फ्लेअर. तो किती गंभीर, हे कोणत्या अवयवाला किती इजा होते आहे त्यावर ठरतं. सांधा सुजला की माणूस रात्रभर तळमळतो, पण त्या सुजेनं जीव जात नाही आणि ल्युपसमध्ये सांध्याचं हाड सहसा झिजतही नाही. किडनीला सूज आली तर मात्र काहीच दुखत नाही. प्रथिनं लघवीतून जायला लागतात. लघवीला फेस येतो, सकाळी पापण्या फुगलेल्या दिसतात, संध्याकाळी नडगीवर अंगठा दाबून उचलला तरी खळगा काही वेळ तसाच राहतो. कित्येकदा तर यातलं एकही लक्षण नसतं, फक्त लघवीच्या तपासणीत गोष्ट उघडी पडते. ल्युपसच्या साधारण निम्म्या रुग्णांच्या किडनीला कधी ना कधी झळ पोहोचते, हे लक्षात घेतलं तर 'दुखत नाही' या वाक्यावर विसंबणं किती धोक्याचं आहे ते कळेल.

यावर लगेच येणारं उत्तरही पाठ झालं आहे: "पण क्रिएटिनिन नॉर्मल आहे की!" किडनीचं जवळजवळ निम्मं काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं रक्तातून गाळून टाकायचा कचरा, नॉर्मलच्या मर्यादेत राहू शकतं. त्याच्या आधी सांगते ती लघवी. ताज्या लघवीचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तांबड्या पेशी आणि त्यांचे साचे दिसतात. प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तरावरून गळती किती ते कळतं. दिवसाला अर्धा ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रथिन जात असेल, तर युरोपीय संधिवाततज्ज्ञांची संघटना युलार बायोप्सीचा विचार करायला सांगते. बायोप्सी म्हटलं की घरचे घाबरतात. पण किडनीत नेमकं काय चाललं आहे आणि औषध किती जोरकस द्यायचं, हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरं काहीच सांगत नाही.

मग डॉक्टर मोजतात तरी कसं? सर्वांत जास्त वापरली जाणारी मोजपट्टी म्हणजे स्लेडाय. ती टोरांटोत 1985 मध्ये तयार झाली आणि 2002 मध्ये सुधारली गेली. तिच्यात 24 बाबी आहेत. झटके किंवा मानसिक भ्रम असेल तर 8 गुण, सांधेसूज किंवा लघवीतलं प्रथिन असेल तर 4, पुरळ, तोंडातले व्रण किंवा केसगळती यांना प्रत्येकी 2, तापाला 1. इथून दुसरा गैरसमज सुरू होतो: गुण जास्त तर धोका जास्त. प्रत्यक्ष बेरीज करून पाहा. सांधेसूज, पुरळ, तोंडात व्रण आणि केसगळती असलेल्या मुलीचे 10 गुण होतात. लघवीतून प्रथिन, रक्तात कमी झालेलं सी3 हे प्रथिन आणि वाढलेली डीएनएविरोधी प्रतिपिंडं, एवढंच असलेल्या मुलीचे 8. काळजी दुसरीची जास्त करावी लागते. प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या की 1 गुण मिळतो, पण त्या पाच हजारांवर आल्या तरीही 1 गुणच. म्हणून नुसत्या आकड्यावर कुणी समजदार डॉक्टर थांबत नाही. ब्रिटनमधली बायलॅग पद्धत प्रत्येक अवयवाला वेगळी श्रेणी देते ती याच कारणानं. तुमच्या फाइलवरचा आकडा शेजारणीच्या आकड्याशी ताडून पाहू नका.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. थकवा या 24 बाबींत कुठेच नाही. म्हणून ज्या बाईला सकाळी उठून कुकर लावणंही जमत नाही, तिचे गुण शून्य असू शकतात आणि घरात तिला 'नाटकं करते' असं म्हटलं जातं. हा सरळ अन्याय आहे. रुग्णाचं मोजमाप आणि डॉक्टरचं मोजमाप जुळत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे: रुग्ण थकवा आणि वेदना धरून सांगतो, डॉक्टर किडनी आणि रक्त पाहतो. तिचा थकवा खरा असतो. फक्त त्यावर स्टेरॉइड वाढवणं हा उपाय नसतो.

चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात आणखी एक घोळ होतो. ताप, अंगदुखी, प्लेटलेट कमी, पांढऱ्या पेशी कमी: हे चित्र डेंग्यूचंही असतं आणि फ्लेअरचंही. 'माझा नेहमीचाच फ्लेअर' असं ठरवून घरीच स्टेरॉइडची गोळी वाढवणारे स्वतःला संकटात टाकतात. ल्युपसच्या नुसत्या फ्लेअरमध्ये सीआरपी हे रक्तातलं सूजदर्शक प्रथिन सहसा फार वाढत नाही. ते खूप वाढलेलं दिसलं तर आधी संसर्ग शोधावा लागतो, आणि आपल्या देशात क्षयही विसरून चालत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. एएनए ही प्रतिपिंडांची रक्ततपासणी दर महिन्याला करून फ्लेअर कळत नाही. एकदा पॉझिटिव्ह आल्यावर त्याचा चढउतार आजाराबरोबर चालत नाही, आणि 1997 च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात तर 1:80 पातळीला सुमारे 13 टक्के निरोगी माणसांतही तो पॉझिटिव्ह निघाला होता. ल्युपस स्पर्शानं पसरत नाही. पुरुषांनाही होतो, जरी दहापैकी नऊ रुग्ण बायका असल्या तरी. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे स्टेरॉइड नाही आणि 'करोनाची गोळी' तर मुळीच नाही. मार्च 2020 मध्ये तिच्यावर झुंबड उडाली, सरकारनं निर्यातही थांबवली, आणि जिच्यावर ल्युपसचे रुग्ण वर्षानुवर्षं उभे आहेत ती गोळी त्यांनाच मिळेना. बरं वाटतं म्हणून ती बंद करणं हे फ्लेअरला आमंत्रण आहे.

मद्रासच्या डॉक्टरांनी ल्युपसच्या रुग्णांवरचा आपला अनुभव 1988 मध्येच भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. आज त्या शहरात, तसंच मुंबई-पुण्यात, संधिवाततज्ज्ञ मिळतात आणि लघवीची तपासणी गल्लीतल्या लॅबमध्ये होते. तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना सांधे दुखोत वा न दुखोत, लघवीचा रिपोर्ट आणि रक्तदाबाचा आकडा घेऊन जा. तब्येत स्थिर असली तरी तीन ते सहा महिन्यांनी ही तपासणी करून घ्या. आणि लघवीला फेस, पायांवर सूज, धाप, झटका किंवा असंबद्ध बोलणं यांपैकी काहीही दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.