पाठीवरच्या दिव्यांपलीकडे
जुलै २०२२ मध्ये नथिंग फोन वन आला, तेव्हा सगळी चर्चा पारदर्शक पाठीची आणि तिच्यावरच्या ग्लिफ दिव्यांची. देखणा आहेच, वाद नाही. पण पुढे गोरिला ग्लास ५ आणि मागेही तीच, म्हणजे कव्हर आलंच. (निदान पारदर्शक घ्या, नाहीतर पैसे कशाचे मोजले?) संरक्षण आयपी ५३: शिंतोडे चालतील, मुंबईचा पाऊस नाही. बॅटरी ४५०० एमएएच, पण चार्जर डब्यात नाही.

दिव्यांचा खरा उपयोग फोन पालथा ठेवल्यावर. कोणाचा कॉल आहे ते नुसत्या लुकलुकण्यावरून ओळखता येतं. मीटिंगमध्ये हे फार सोयीचं. आतला स्नॅपड्रॅगन ७७८जी प्लस प्रोसेसर यूपीआय, नकाशे, व्हॉट्सॲपला भरपूर. तासन्‌तास गेम खेळणाऱ्यांनी मात्र दुसरीकडे बघावं.