तिहेरी उडी आणि हेन्री रिबेलो

लंगडी खेळणारे आपल्या आश्रमशाळा-वसतिगृहांतील प्रत्येक मूल एका ऑलिंपिक क्रीडाप्रकाराचा पहिला धडा नकळत गिरवत असते. तिहेरी उडीत खेळाडू वेगाने धावत येऊन फळीवरून उडतो तो त्याच पायावर उतरतो. तेथून झेप घेऊन दुसऱ्या पायावर येतो आणि अखेरीस वाळूच्या खड्ड्यात उडी टाकतो. पहिल्या दोन्ही वेळी वेगामुळे कित्येक पटींनी वाढलेला शरीराचा भार एकाच पायाला पेलावा लागतो. म्हणून येथे ताकदीइतकेच महत्त्व स्नायूंच्या पूर्वतयारीला आहे. हेन्री रिबेलो यांची कारकीर्द याची साक्ष देते.

रिबेलो यांचा जन्म १९२८ साली लखनौ येथे झाला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच उतरला, तेव्हा ते अवघे १९ वर्षांचे होते. त्याआधी त्यांनी ५० फूट २ इंच, म्हणजे १५.२९ मीटर उडी मारली होती. त्यामुळे पदकाच्या दावेदारांत त्यांची गणना होत होती. प्राथमिक फेरी पार करून ते ३ ऑगस्ट रोजी अंतिम फेरीत पोहोचले.

शरीर तापवून ते धाव घेण्याच्या बेतात असतानाच, मैदानात पदकप्रदान समारंभ असल्यामुळे पंचांनी त्यांना थांबविले. उभ्या उभ्या तापलेले स्नायू थंड पडले. पुढे संकेत मिळताच ते पुन्हा शरीर न तापवता धावले आणि पहिल्याच उडीत त्यांच्या मांडीच्या मागील स्नायू फाटला. स्पर्धा तेथेच संपली. स्वीडनच्या आर्ने ओमान यांनी १५.४० मीटरवर सुवर्णपदक जिंकले; कांस्यपदक १५.०२ मीटरवर मिळाले. हे आकडे रिबेलो यांच्या १५.२९ शेजारी ठेवले, की काय हातचे गेले ते कळते.

पुन्हा ऑलिंपिकमध्ये उतरण्याचा योग त्यांना आला नाही. तथापि ते खचले नाहीत. भारतीय वायुदलात सेवा करून ते ग्रुप कॅप्टन पदापर्यंत पोहोचले. २०१३ साली त्यांचे निधन झाले. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत एल्डोस पॉल यांनी १७.०३ मीटर उडीसह सुवर्ण आणि अब्दुल्ला अबूबकर यांनी रौप्यपदक मिळविले. ऑलिंपिकमधील पदक मात्र तिहेरी उडीत भारताला अजूनही मिळालेले नाही.

धम्मपदातील दुसरा वर्ग अप्रमादाचा, म्हणजे अखंड सावधतेचा आहे. ही सावधता एकट्या खेळाडूने बाळगून भागत नाही. त्याच्याभोवतीच्या शिक्षकांनी, आयोजकांनी आणि पालकांनीही ती बाळगावी लागते. वर्धा जिल्ह्यातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पायाला चिकटते. तिच्यावर धावून उड्या मारणे धोक्याचे. मुरूम दाबून केलेला धावमार्ग, सरावापूर्वी फावड्याने भुसभुशीत केलेली वाळू, आरंभी संथ धावणे आणि ताणाचे व्यायाम, पाळीची वाट पाहताना अंगावर उबदार कपडे व पायांची हालचाल: यासाठी मोठा निधी लागत नाही, लक्ष लागते. शेतमजुराच्या घरातून आलेल्या मुलामुलींत उडीचे बळ असतेच. ते मैदानावर वाया जाऊ न देणे ही संस्थेची, पालकांची आणि आपणा माजी विद्यार्थ्यांची जबाबदारी आहे.